तेराशे वर्षांचा टॉप!

मॉलमधल्या टॉपवरची ती शंकरपाळी नक्षी आली कुठून? उत्तर शोधायला निघालात तर मेक्सिकोच्या जंगलातल्या एका दगडापर्यंत पोचाल. आणि तिथून थेट कोर्टात!

शुक्रवार. ऑफिसात 'एथनिक डे'. आदल्या रात्री कपाट उघडलं की शोध लागतो, आपल्याकडे घालण्यासारखं काहीच नाही! मग हाताला लागतो सेलमध्ये उचललेला तो टॉप. लालभडक रंग, झिगझॅग पट्टे, मधे शंकरपाळ्यांच्या रांगा. टॅगवर लिहिलेलं असतं 'अ‍ॅझटेक प्रिंट'. एकदम कूल!

माझ्याकडेही असा एक आहे. पण गंमत म्हणजे या नावाखाली खपणाऱ्या कित्येक डिझाइन्सचा अ‍ॅझटेक लोकांशी काही संबंधच नसतो. कधी ती अमेरिकेतल्या नावाहो लोकांची असतात, कधी मेक्सिको-ग्वाटेमालातल्या माया बायकांची, तर कधी सगळ्यांची मिसळ. आपण आज या मिसळीतली माया नक्षी तेवढी वेगळी काढून बघू. कारण तिची स्टोरी भन्नाट आहे.

दगडावरचा ड्रेस

मेक्सिकोच्या चियापास राज्यात, उसुमासिन्ता नदीच्या काठावर याशचिलान नावाचं प्राचीन माया शहर आहे. नदीपलीकडे ग्वाटेमाला. आपल्याकडे देवळाच्या दारावर गणेशपट्टी असते ना, तशा तिथल्या इमारतींच्या दारांवर कोरीव चुनखडीच्या पट्ट्या होत्या. त्यातली सगळ्यात गाजलेली पट्टी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर इसवी सन ७०९ मधला एक विधी कोरलाय. राजा मशाल धरून उभा आहे आणि समोर गुडघे टेकून बसलेली राणी, काबाल शोक, काटे लावलेला दोर स्वतःच्या जिभेतून ओढते आहे. देवांना रक्त अर्पण करण्याचा हा विधी. बघूनच अंगावर काटा येतो.

पण क्षणभर जिभेवरून नजर काढा आणि तिचा ड्रेस बघा. अंगभर शंकरपाळ्यांची जाळी, कडेला नक्षीदार बॉर्डर, खाली झालर. हा विणकामाचा पोत कारागिराने चक्क दगडात उतरवलाय.

याचं महत्त्व मोठं आहे. त्या दमट हवेत कापड टिकत नाही. प्राचीन माया कापडाचे फार थोडे तुकडे मिळालेत, त्यातले काही चिचेन इत्सा इथल्या पवित्र विहिरीच्या गाळात. त्यामुळे माया लोक काय घालत होते, हे कळतं मुख्यतः कोरीव दगडांवरून, भित्तिचित्रांवरून आणि मातीच्या मूर्तींवरून. हाइना बेटावर तर माग लावून विणत बसलेल्या बाईची छोटीशी मूर्ती सापडली आहे. आणि तिचा तो माग? तो आजही चालू आहे!

माग कमरेला, हिशेब डोक्यात

या मागाला ना सांगाडा, ना पेडल. चार-दोन काठ्या आणि एक पट्टा, बस्स. उभ्या धाग्यांचं एक टोक झाडाला किंवा खांबाला बांधायचं, दुसरं पट्ट्याने स्वतःच्या कमरेला. मागे रेललं की धागे ताणतात, पुढे झुकलं की सैल पडतात. म्हणजे विणणारी बाई हाच मागाचा अर्धा भाग! आपल्याकडे नागालँड-मणिपूरच्या शाली विणतात, त्यातही असाच कमरेचा माग असतो.

हात जिथवर पोचतील तेवढाच कापडाचा पन्हा. म्हणून त्यांचं पारंपरिक ब्लाऊज, म्हणजे विपिल, दोन-तीन पट्ट्या जोडून शिवतात. नक्षीचे जादा धागे विणतानाच बोटांनी भरायचे. समोर ग्राफपेपर नाही, धाग्यांची मोजणी डोक्यात. आईकडून मुलीकडे आलेली. भरगच्च नक्षीचं एक विपिल पुरं व्हायला महिनेच्या महिने लागतात.

चियापासच्या डोंगराळ गावांतल्या बायका आजही शंकरपाळी विणतात. त्यांच्या लेखी ते नुसतं डिझाइन नाही. ते विश्व आहे, त्याचे चार कोन आणि मधून जाणारा सूर्य. काही नक्षींत बेडूकही असतो, पाऊस आणणारा. राणी शोकच्या ड्रेसशी या नक्षीचं साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. तिथल्या चर्चमधल्या संतांच्या मूर्तींनाही विपिल घालतात, आपण देवीला साडी नेसवतो तसंच. सान क्रिस्तोबाल शहरात १९७०च्या दशकात विणकर बायकांची 'स्ना होलोबिल' ही सहकारी संस्था उभी राहिली. नावाचा अर्थ 'विणकरणीचं घर'. विसरत चाललेल्या नक्षी पुन्हा मागावर आणण्यात तिचा मोठा वाटा आहे.

अर्थात तेराशे वर्षांत सगळं जसंच्या तसं राहिलं नाही. लोकर स्पॅनिश लोकांनी आणलेल्या मेंढ्यांची, चटक रंगाचे धागे आजच्या कारखान्यातले. परंपरा म्हणजे फ्रीजरमधला मटार नव्हे!

अंगावरचा पत्ता

पलीकडच्या ग्वाटेमालात विपिल बघून बाई कुठल्या गावची ते ओळखता येतं. एरवी अभिमानाची गोष्ट. पण १९६० ते १९९६ या काळातल्या यादवी युद्धात हीच ओळख जिवावर बेतली. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाच्या १९९९च्या अहवालानुसार, ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. कित्येक बायकांनी जीव वाचवायला विपिल उतरवून साधे कपडे घातले. म्हणूनच १९९२चं शांततेचं नोबेल मिळवणारी रिगोबेर्ता मेंचू जगभर विपिल घालून वावरली, त्याला वेगळा अर्थ आहे.

डिझाइन कुणाच्या बापाचं?

कुणाच्या आईचं, असं विचारायला हवं खरं तर. २०१५ मध्ये फ्रेंच डिझायनर इझाबेल मारांच्या एका ब्लाऊजवर मेक्सिकोतल्या मिहे लोकांची नक्षी दिसली आणि गदारोळ झाला. २०२० मध्ये दुसऱ्या कलेक्शनवरून मेक्सिको सरकारनेच जाब विचारला, तेव्हा त्यांनी माफी मागितली. २०२२ मध्ये मेक्सिकोने अशा सामूहिक वारशाच्या रक्षणासाठी कायदा केला.

ग्वाटेमालात लढाई बायकांनीच सुरू केली. बाजारात विपिलची नक्षी छापलेले स्वस्त ब्लाऊज येऊ लागले, महिनोन् महिने विणणाऱ्या बाईने टिकाव धरायचा कसा? २०१६ मध्ये माया विणकरणी देशाच्या घटना न्यायालयात गेल्या. मागणी साधी होती: ही नक्षी आमच्या समाजाची सामूहिक मालमत्ता माना. २०१७ मध्ये कोर्टाने संसदेला तसा कायदा करायला सुचवलं.

अडचण खरी आहे. कॉपीराइटचा कायदा विचारतो, कलाकार कोण आणि कधी केलं? 'आम्ही सगळ्यांनी, तेराशे वर्षांपासून' या उत्तराला त्याच्या फॉर्मवर रकानाच नाही. राणीचा दगड म्युझियमने जपलाय. ती नक्षी जिवंत ठेवणाऱ्या बाईला मात्र संरक्षण नाही.

हे फार लांबचं वाटतंय? मग जून २०२५ आठवा. मिलानच्या शोमध्ये प्राडाच्या मॉडेल्सच्या पायांत चक्क कोल्हापुरी! सुरुवातीला मुळाचा उल्लेखही नाही. कोल्हापुरीला २०१९ पासून जीआय टॅग आहे, पण जीआय प्रामुख्याने नाव जपतं. नाव न घेता नुसता घाट उचलला तर? ओरडा झाल्यावर कंपनीने भारतीय प्रेरणा मान्य केली. तेव्हा आपल्याला जेवढं लागलं, तेवढंच त्या बायकांना लागतं.

मग आपण काय करायचं?

- कापड उलटं करून बघा. छापील नक्षी मागे फिकी दिसते. विणलेल्या नक्षीचे धागे मागेही दिसतात किंवा हाताला लागतात.
- 'एथनिक', 'ट्रायबल', 'अ‍ॅझटेक' एवढ्यावर समाधान मानू नका. कुठलं गाव, कुणी विणलं, हे विचारा. सांगता आलं नाही तर समजून जा!
- पाच छापील टॉपऐवजी विणकरांच्या सहकारी संस्थेकडून एक हातमागाचा घ्या. पैठणी असो, नागा शाल असो किंवा विपिल.

माझा तो टॉप मी फेकला नाही. घालतेच. फक्त आता कुणी "वॉव, अ‍ॅझटेक?" म्हणालं, की मी त्यांना कॉफीला बसवते आणि एका राणीची गोष्ट सांगते.