तिसऱ्या घंटेला सुरू होणारं यंत्र

मुंबईतल्या गिरगावात ठाकूरद्वाराच्या नाक्यावरून कुठल्याही दिशेला पंधरा-वीस मिनिटं चाललं, तर गाण्याची आणि नाटकाची एखादी जुनी जागा लागतेच. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव आहे. ऑपेरा हाउसजवळ प्रा. बी. आर. देवधरांचा संगीतवर्ग होता. कुमार गंधर्व लहानपणी तिथे शिकायला आले. १९३५ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी साहित्य संघाचं नाट्यगृह केळेवाडीत आहे. एवढं सगळं इथे गायलं गेलं, बोललं गेलं. त्यातलं ऐकायला मात्र फार थोडं उरलं.

गायक भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्या काळी तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, हे खरं. पण पुढे स्पूल आले, कॅसेट आल्या, तरी खाजगी मैफली टिकल्या त्या बहुधा कुणा रसिकाने आपलं यंत्र उचलून तिथवर नेलं म्हणून. तो त्या दिवशी गावाला गेला असेल, तर मैफलही गेली. सभागृहात कायमचं बसवलेलं ध्वनिमुद्रण यंत्र मला मोलाचं वाटतं ते यासाठी. दिवे आणि पंखे जसे वास्तूचे असतात तसं तेही वास्तूचंच असतं, कुणी आणायची वाट बघत नाही.

हे यंत्र दिसायला साधं असतं. साउंडच्या खोलीत लोखंडी रॅक असतो, त्यात अ‍ॅम्प्लिफायर वगैरे एकावर एक स्क्रूने बसवलेले असतात. रॅकची रुंदी १९ इंच, हे माप जुन्या टेलिफोन यंत्रणेतून आलं. उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. टॅस्कॅमचा एसएस-आर२५०एन किंवा डेनॉनचा डीएन-७००आर ही ध्वनिमुद्रण यंत्रं एकाच यूची आहेत. दोन एसडी कार्डांच्या खाचा, एक यूएसबी, लेव्हल दाखवणारा पडदा आणि मागे जोडण्या. कंपनी कुठलीही असो, त्यामागचं काम सारखंच असतं.

आवाज यंत्रापर्यंत येतो तो मिक्सरमधून. माइकमधून निघणारा विद्युत्‌संकेत अगदी क्षीण, काही मिलिव्होल्टचा. मिक्सर तो वाढवून साधारण सव्वा व्होल्टच्या ‘लाइन’ पातळीला आणतो आणि एक्सएलआर केबलने यंत्राला देतो. या केबलमध्ये आवाज वाहणाऱ्या तारा दोन असतात. एकीतून संकेत सरळ जातो, दुसरीतून उलटा. वाटेत दिव्यांच्या डिमरची किंवा पंख्याची खरखर शिरली, तर ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. यंत्र दोन्ही तारांमधला फरक तेवढा घेतं. त्यात सारखी असलेली खरखर वजा होते आणि उलटा केलेला आवाज उलट दुप्पट होतो. शंभर फूट लांबीची केबलही त्यामुळे स्वच्छ राहते. तरीसुद्धा घूंऽऽ असा आवाज आलाच, तर बहुतेक वेळा मिक्सर आणि यंत्र वेगवेगळ्या ठिकाणाहून वीज घेत असतात आणि दोन अर्थिंगमधून ५० हर्ट्‌झचा गुंजारव फिरत असतो. दोघांना एकाच बोर्डावर घ्यावं. नाहीच जमलं तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाकावा. अर्थिंगची पिन कापून टाकणारे कारागीर भेटतात, त्यांना मात्र हात लावू देऊ नये. त्यात जिवाला धोका आहे.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. मिक्सरवर जे ऐकू येतं ते सभागृहात ऐकू येतं असं नाही. लहान सभागृहात तबला स्वतःच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, म्हणून साउंडवाला त्याचा माइक जेमतेम उघडतो. गायकाचा आवाज मात्र भरपूर वाढवतो. स्पीकरकडे जाणारं तेच मिश्रण यंत्राला दिलं, तर ध्वनिमुद्रणात गायक कानाशी आणि तबला शेजारच्या वाडीत. म्हणून यंत्राला स्पीकरकडे जाणारं मिश्रण न देता मिक्सरच्या ऑक्स किंवा मॅट्रिक्स या वेगळ्या वाटेवरून स्वतंत्र मिश्रण द्यावं, आणि छताखाली दोन माइक कायमचे टांगावेत. प्रेक्षकांची दाद, हशा, सभागृहाचा स्वतःचा नाद या माइकमधून येतो. दाद नसलेली मैफल अर्धीच वाटते.

त्यातही एक मेख आहे. आपल्याकडच्या उकाड्यात, ३० अंशांना, आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर धावतो. रंगमंचापासून १४ मीटरवर टांगलेल्या माइकला तो ४० मिलिसेकंद उशिरा मिळतो, तारेतून आलेला मात्र तात्काळ पोचलेला असतो. दोन्ही तसेच मिसळले की प्रत्येक थाप दुहेरी ऐकू येते. उपाय सोपा आहे: तारेतला आवाज तेवढेच ४० मिलिसेकंद थांबवायचा. डिजिटल मिक्सरवर ही सोय असते. पैसा असेल तर प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर घ्यावा आणि मिश्रण नंतर निवांत करावं. टॅस्कॅमचा डीए-६४०० एका यूमध्ये ६४ ट्रॅक घेतो.

यंत्राच्या आत आवाजाचे आकडे होतात. सेकंदाला ४८,००० वेळा त्याची उंची मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांत लिहिली जाते. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलची ऐसपैस जागा मिळते. सीडीच्या १६ बिटांना ९६ डेसिबल, २४ बिटांना कागदावर १४४. प्रत्यक्ष विद्युत्‌मंडलं त्याच्या बरीच अलीकडे थांबतात. या जागेचा फायदा एवढाच की लेव्हल खाली ठेवायची भीती उरत नाही. टेपवर आवाज थोडा वर गेला तर तो हळूहळू चेपला जायचा. डिजिटलमध्ये शून्य हे छप्पर आहे. त्यावर गेलेला स्वर कापला जातो आणि कापलेला भाग कुठल्याही उपायाने परत मिळत नाही. संगीत नाटकात तर नायिका कुजबुजत बोलता बोलता पदाला हात घालते आणि तार षड्जाला पोचते. सरासरी उणे २० डेसिबलच्या आसपास ठेवावी, मग त्या तार षड्जालाही वर मोकळं आकाश राहतं.

जागेचा हिशोब सरळ आहे. दोन चॅनेल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ धरले की तासाला सुमारे एक जीबी. तीन तासांचं नाटक तीन जीबी, म्हणजे ३२ जीबीच्या कार्डावर साधारण दहा प्रयोग मावतात. वेव्ह फाइल चार जीबीपेक्षा मोठी होत नाही, म्हणून रात्रभराच्या मैफलीत यंत्र मध्येच नवी फाइल उघडतं. चांगलं यंत्र त्या सांध्यावर एकही मोजणी गाळत नाही. दोन कार्डांचा उपयोग दोन तऱ्हेने करता येतो: एक भरलं की दुसरं, किंवा दोन्हींवर एकाच वेळी तेच. सभागृहाने दुसरीच तऱ्हा निवडावी. कार्ड मरतं तेव्हा आधी सांगत नाही. वीज जाते तेव्हाही फाइल अर्धवट उघडी राहून वाचता न येण्याची भीती असते, म्हणून रॅकच्या तळाशी छोटा यूपीएस हवाच.

आणि हे सुरू कोण करणार? या यंत्रांचं खरं मोठेपण इथे आहे. मागच्या बाजूला दूरनियंत्रणाची जोडणी असते. तिथल्या दोन पिना एका साध्या बटणाने जोडल्या की ध्वनिमुद्रण सुरू होतं. मराठी नाट्यगृहात तिसरी घंटा झाल्याशिवाय पडदा सरकत नाही. ती घंटा विजेची असेल तर वायरमनकडून तिच्या कळीला एक रिले जोडून घ्यावा, म्हणजे घंटेबरोबर त्या पिना जोडल्या जातील. घंटा तीन वेळा वाजते, हे खरं. पहिल्या घंटेला सुरू झालं तर दहा मिनिटांची कुजबुज जास्त मिळते, इतकंच. समोरची बटणं लॉक करून ठेवता येतात, म्हणजे पुसायला आलेल्या फडक्याने मैफल थांबत नाही. नेटवर्कला जोडलं तर घड्याळ आपोआप बरोबर राहतं, आणि फाइलच्या नावात तारीख-वेळ अचूक पडते.

गिरगावात चौपाटीचा खारा वारा घरात येतो तसा रॅकमध्येही येतो. एक्सएलआरच्या पिना काळवंडतात, मग एका बाजूचा आवाज येतो-जातो. पावसाळ्याआधी आणि नंतर जोडण्या उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसाव्यात. गरम होणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या थेट वर यंत्र बसवू नये, मध्ये एक यू मोकळा सोडावा. सुटे भाग आणि केबल लॅमिंग्टन रोडला चालत जाऊन आणता येतात.

प्रयोगानंतरचं काम माणसाचंच आहे, ते यंत्रावर सोडता येत नाही. दुसऱ्या दिवशी फाइल कार्डावरून उतरवायची, नाटकाचं किंवा गायकाचं नाव, साथीदार, राग, तारीख नोंदवायची. तीन प्रती ठेवायच्या, त्यातली एक इमारतीबाहेर. आणि परवानगी आधी घ्यायची: कॉपीराइट कायद्याने कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिला आहे, त्यामुळे त्याला न सांगता केलेलं असं ध्वनिमुद्रण वादाचं कारण ठरतं. सभागृहाच्या आरक्षणाच्या अर्जातच एक रकाना ठेवावा. संग्रहासाठी मुद्रण चालेल का, कुणाला ऐकवलेलं चालेल, प्रत कलावंताला हवी का, असे तीन प्रश्न आणि खाली कलावंताची सही.