पद्मिनीचा पंचनामा

चिपळूणच्या दिवाणी न्यायालयात सव्वीस वर्षे चाकरी केली आणि त्यांतली अखेरची अकरा नाझराच्या खुर्चीवर. सबब ऋणकोंच्या दारी जाऊन कपाटे, दूरदर्शनचे संच, दुचाक्या आणि क्वचित एखादी म्हैस यांच्या याद्या करणे, पंचांसमक्ष त्यांची किंमत अदमासणे आणि ठरल्या तारखेस लिलाव पुकारणे हे माझे नित्याचे काम होते. वस्तूची किंमत आणि धन्याच्या लेखी तिचे मोल यांतली तफावत त्या चाकरीत मला रोज दिसे, पण ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर. २०२१ च्या जुलैअखेरीस विमा कंपनीने धाडलेला एक तरुण सर्व्हेअर माझ्याच अंगणात उभा राहून माझ्या मोटारीची यादी करू लागला, तेव्हा अशा यादीच्या पलीकडच्या बाजूस मी प्रथमच उभा होतो.

मोटार म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मात्र आमच्या आळीत तिला त्या नावाने कोणी ओळखले नाही. ती सर्वांची ‘फियाट’च राहिली, आणि ते गैरही नव्हते. मुळात ती इटलीच्या फियाट कंपनीची ‘अकराशे’. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने बाहेर पडू लागली, आणि पुढच्या दशकात विलायती नाव गळून तिला चितोडच्या राणीचे नाव लाभले. १०८९ सीसीचे इंजिन, स्टेअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर, पुढे तिघे दाटीवाटीने बसतील अशी सलग गादी. आमच्या वडिलांनी ती १९८७ च्या दसऱ्याला घेतली. मारुती बाजारात येऊन तेव्हा चार वर्षे होत आली होती, पण तिला ते ‘साबणाची डबी’ म्हणत. नोंदणीची पहिली पंधरा वर्षे सरल्यावर २००२, २००७, २०१२ आणि २०१७ अशा पाच-पाच वर्षांच्या मुदतवाढी तिला मिळाल्या. दर वेळी परिवहन खात्याच्या निरीक्षकाने तिच्याभोवती फेरी मारून, हॉर्न वाजवून, दिवे पाहून तिला लायक ठरवले. पुढच्या कप्प्यात वडिलांच्या हातची एक वही असे. प्रत्येक वेळचे पेट्रोल, किलोमीटर आणि दर यांचा तपशील तीत शाईने लिहिलेला होता आणि त्यांच्या पश्चात मी तो बॉलपेनने चालू ठेवला होता.

२००५ च्या पुरातून ती केवळ योगायोगाने बचावली, कारण त्या दिवशी ती कराडला होती. २१ जुलै २०२१ च्या रात्री मात्र ती अंगणातच होती. पावसाने धरले ते सोडलेच नाही. वाशिष्ठी आणि शीव दोन्ही नद्या फुगल्या, खाडीला भरती आली, आणि कोयनेच्या वीजगृहांतून वाशिष्ठीत उतरणारे पाणी होतेच. यांपैकी कोणाचा वाटा किती, यावरून गावात आजही दोन तट पडतात आणि त्या वादात मी शिरत नाही. २२ च्या पहाटे आम्ही माडीवर चढलो. कठड्यावरून खाली पाहिले तर मोटारीचे टप काही काळ कासवाच्या पाठीसारखे पाण्यावर दिसत राहिले, आणि उजाडेपर्यंत तेही दिसेनासे झाले.

पाणी ओसरल्यावर दार उघडायला दोघे जण लागले. आत गाळ होता, पण शेतातल्या चिखलासारखा नव्हे. पिठासारखा बारीक, करडा, डिझेल आणि कुजक्या धान्याचा संमिश्र वास असलेला. तो गादीच्या स्प्रिंगांत, काच वर-खाली करणाऱ्या यंत्रात, घड्याळाच्या काचेआड, जिथे सुई जाणार नाही तिथेही जाऊन बसला होता. वहीची पाने एकमेकांना चिकटून तिची वीट झाली होती. कडेने एक पान सोडवून पाहिले, तर माझी बॉलपेनची अक्षरे शाबूत होती आणि वडिलांची शाई निळसर डागाखेरीज काही मागे न ठेवता निघून गेली होती.

एवढे मात्र मी शहाणपणाने केले की चावी फिरवली नाही. पाण्यात बुडालेली गाडी चालू होते का हे पाहण्याचा मोह अनावर असतो; परंतु सिलिंडरात शिरलेले पाणी हवेप्रमाणे दबत नाही, पिस्टन त्यावर आदळून अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग हे नुकसान पुराने नव्हे, मालकाच्या कृतीने झाले असे म्हणून विमा कंपनी इंजिनापुरता हात वर करू शकते. आमच्या मिस्त्रींनी प्लग काढून आत बोट फिरवले, तेलाची कांडी पाहिली, मग खाली निजून बराच वेळ टॉर्च मारला आणि उठून म्हणाले, “नाझरसाहेब, इंजिन खोललं की चालेल, त्याची चिंता नको. ह्या गाडीत कॉम्प्युटर नाही, वायरी चार. पण खालचा पत्रा आधीच सडत आला होता. आता हात लावू तिथे भोक पडेल.” त्यांचे अंदाजपत्रक ९२,००० रुपयांचे झाले.

सर्व्हेअर पंचविशीतला, नम्र मुलगा. त्याने अंदाजपत्रक वाचले, विमापत्र वाचले, मोबाइलवर दोन आकडे गुणले आणि म्हणाला, “काका, ही टोटल लॉस होणार.” डोळ्यांसमोर उभी असलेली, मिस्त्रींच्या मते दुरुस्त होऊ शकणारी, चारही चाकांवर ठाम असलेली वस्तू ‘संपूर्ण नष्ट’ कशी, हा प्रश्न माझ्या चेहऱ्यावर त्याला दिसला असावा, कारण त्याने ओट्यावर बसून मला ते हिशेब समजावून दिले, आणि तेच मी वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रत्येक सर्वंकष मोटार-विम्यात एक आकडा असतो, त्याला विमा घोषित मूल्य किंवा आयडीव्ही म्हणतात. कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त तेवढीच. नव्या गाडीचा हा आकडा कारखान्याच्या जाहीर किमतीवरून निघतो आणि वयाप्रमाणे घसरतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५०. पाच वर्षांपुढे कोष्टक संपते. पाच वर्षांहून जुन्या किंवा उत्पादन थांबलेल्या गाडीचे मूल्य विमेदार आणि कंपनी यांनी परस्परसंमतीने ठरवावयाचे असते. गाडी बाहेर काढण्याचा आणि दुरुस्तीचा एकूण खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर ती दुरुस्त होण्याजोगी असली तरी कागदोपत्री ती गेली असे धरतात. माझ्या विमापत्रावर आकडा होता ४५,०००. त्याचे पंचाहत्तर टक्के ३३,७५०. पुढे बोलण्यासारखे काही उरत नव्हते.

ही संकल्पना मोटारींसाठी जन्मलेली नाही, ती समुद्रावरून आली आहे. खडकावर चढलेले तारू फुटलेले नसले तरी ते सोडवून दुरुस्त करण्याचा खर्च दुरुस्त झालेल्या तारवाच्या किमतीहून अधिक होत असेल, तर मालकाने ते विमेकऱ्यावर सोडून पूर्ण रक्कम मागावी, असा हा जुना दर्यावर्दी रिवाज. आपल्याकडच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमातील कलम ६० मध्ये तो नमूद आहे. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही तरतूद मोठ्या सोयीची, कारण त्याला तारू नको असते, भांडवल मोकळे करून हवे असते. ज्याला तारूच हवे आहे त्याचा विचार तीत केलेला नाही, आणि मला विचाराल तर तसा करणे शक्यही नव्हते. विम्याचे तत्त्वच नुकसानभरपाईचे आहे, नफ्याचे नाही. स्मृतीची किंमत लावू लागलो तर घरोघरच्या मोटारी लक्षावधींच्या होतील.

म्हणून कंपनीवर माझा राग नाही. घोषित मूल्याला मुदतभर बाजारभाव मानतात, त्यातून वयापोटी आणखी घट कापीत नाहीत. तोही आकडा तिने पाळला. राग आहे तो त्या आकड्यावर, आणि तो आकडा माझाच आहे. नूतनीकरणाच्या वेळी एजंट ओट्यावर चहा पिता पिता म्हणाला होता, “नाझरसाहेब, गाडी तेहतीस वर्षांची. आकडा खाली धरला की हप्ता कमी बसेल.” मी वर्तमानपत्रातून डोके न काढता “धरा” म्हटले होते. हप्त्यात सालिना सातआठशे रुपये वाचले. चालू स्थितीतल्या, कागद चोख असलेल्या पद्मिनीला हौशी गिऱ्हाईक याहून कितीतरी अधिक देते हे मला ठाऊक होते, आणि छायाचित्रे व मूल्यांकनाचा दाखला जोडून मला तसा आकडा मागता आला असता. सही करण्यापूर्वी मजकूर वाचा, असे ज्याने अकरा वर्षे दुसऱ्यांना बजावले, त्याने स्वतःच्या मोटारीच्या किमतीवर न वाचता सही केली. वाचकांपैकी कोणाकडे जुनी गाडी असेल, तर नूतनीकरणाच्या महिन्यात विमापत्रावरची ती एक चौकट अवश्य पाहावी; अपघातानंतर ती पाहून उपयोग नाही.

फार जुन्या मोटारींना वेगळी वाट आहे. मोटार-विम्याच्या दरपत्रकाने १९४० अखेरपर्यंत बनलेल्या आणि तसा दाखला असलेल्या गाड्यांसाठी ठरावीक मूल्याची सोय ठेवली आहे. आणि नेमक्या त्याच जुलैत केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी देणारे नियम काढले. तेहतीस वर्षांची पद्मिनी यांपैकी कशातच बसत नव्हती.

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. भग्नावशेषाला भंगारवाल्यांची सर्वांत चढी बोली १८,००० ची आली होती. अनिवार्य वजावटीचे १,००० गेल्यावर ४४,००० घेऊन गाडी सोडून द्यावी, किंवा त्यातून बोलीची रक्कम वळती करून २६,००० घ्यावे आणि अवशेष स्वतःकडे ठेवावा. दुसऱ्या वाटेचा विचार मी आठवडाभर केला. मिस्त्रींना पुन्हा बोलावले. त्यांनी दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबला, तो बिस्किटासारखा आत गेला, आणि आम्ही दोघेही काही बोललो नाही.

सोडून द्यायचे ठरल्यावर मी एक अट घातली की आधी नोंदणी रद्द व्हावी. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली वा कायमची निरुपयोगी झाली तर मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणीपुस्तक परत करावयाचे असते. पुष्कळ लोक हे करीत नाहीत, आणि मग अशा गाडीचे पुस्तक व चासी क्रमांक चोरीच्या गाडीवर चढवून ती उजळ माथ्याने रस्त्यावर फिरते. तसे घडले की पहिली नोटीस येते ती जुन्या मालकाला. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सींचा शेवट याहून व्यवस्थित झाला म्हणावयाचा: अखेरची २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून उतरली.

आमची गेली ती एका टेम्पोवर, ताडपत्रीखाली. खरीददाराच्या माणसाने ताबापावती पुढे केली. तीत मोटार नग एक, स्टेपनी नग एक, जॅक नग एक असे लिहिले होते, आणि चाव्यांपुढेही एकच. कंपनीने दोन्ही चाव्या मागितल्या होत्या. दुसरी वडिलांच्या फोटोमागच्या खिळ्याला होती. ती आणून दिली, त्याच्याकडून ‘नग दोन’ अशी दुरुस्ती करून घेतली, पावती वरपासून खालपर्यंत वाचली आणि मग सही केली.