एक तोळ्याची गोळी

काडतूस हा शब्द मराठी माणसाच्या कानावर पहिल्यांदा पडतो तो इतिहासाच्या तासाला, आणि तोही चरबीसकट. १८५७ सालचे ते काडतूस आपण पाठ करतो, गुण मिळवतो आणि विसरून जातो. सत्तरी उलटल्यावर ते पुन्हा माझ्या वाट्याला येईल, आणि तेही अमेरिकेत, लेकीच्या शेजाऱ्याच्या मोटारखान्यात, असे कोणी सांगितले असते तर मी त्याला वेड्यात काढले असते.

आमची लेक पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात राहते. डोंगर, ओकची झाडी आणि हरणे. हरणे इतकी की रात्री मोटार चालवताना जावई रस्त्यापेक्षा रस्त्याच्या कडेकडेच अधिक पाहतात. शेजारी एक निवृत्त यंत्रकामगार आहेत, माझ्याच वयाचे. दिवाळीच्या सुमारास इकडे आमच्या स्वयंपाकघरात सोऱ्यातून चकल्या पडत होत्या, आणि तिकडे ते गृहस्थ मोटारखान्यातल्या बाकाशी उभे राहून एका लोखंडी यंत्राचा दांडा खालीवर करीत होते. मी कुतूहलाने आत डोकावलो. हरणाच्या शिकारीसाठी घरच्या घरी काडतुसे भरण्याचे काम चालले होते.

शिकार म्हटल्यावर वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरिणांची शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झाले. तिकडची गोष्ट निराळी. १९०० च्या सुमारास या राज्यातली हरणे मारून मारून जवळजवळ संपली होती. १९०६ पासून बाहेरून हरणे आणून सोडली, परवाने आणि हंगाम कडक पाळले, आणि आता अशी स्थिती आहे की अलीकडच्या वर्षांत दर हंगामात चार लाखांवर हरणे मारली जाऊनही जंगलात तोटा नाही. मौज अशी की आमच्या शेजाऱ्यांची वडिलोपार्जित रायफल ज्या काडतुसाची आहे, तेही अमेरिकन सैन्याने १९०६ सालीच स्वीकारले. नळीचे तोंड इंचाचे तीस शतांश आणि साल सहा, म्हणून नाव 'थर्टी ऑट सिक्स'.

काम असे चाले. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या त्यांनी बरण्यांत जपून ठेवलेल्या. त्या आधी घासूनपुसून लख्ख करायच्या. बार उडाला की पुंगळी किंचित फुगते, म्हणून तिला पोलादी साच्यात दाबून मापात आणायची. त्याच दाबात बुडाची जळकी टोपी निघून पडते. नवी टोपी बसवायची, दारू तोलून ओतायची, तोंडाशी गोळी दाबून बसवायची. साच्यात पुंगळी अडकू नये म्हणून ते तिला बोटाने काहीतरी चोपडत होते. "हे काय?" मी विचारले. "मेंढीच्या लोकरीतून निघणारे वंगण," ते म्हणाले. मी मनात म्हटले, चला, गाय नाही नि डुक्कर नाही, मेंढीवर तडजोड झाली!

पुष्कळ वेळा वापरलेली पुंगळी मानेपाशी कडक होऊन तडकते. मग तिची मान तापवून नरम करायची. पुण्याच्या तांबट आळीत लहानपणी मी हेच पाहिले होते. ठोकून ठोकून कडक झालेले भांडे कारागीर भट्टीत घालून नरम करी आणि मगच पुन्हा ठोके घाली.

"बाजारात तयार काडतुसे मिळत नाहीत का?" या माझ्या प्रश्नावर ते हसले. मिळतात, आणि चांगली मिळतात. पण ती कोणत्याही रायफलीत चालावीत अशी केलेली असतात. प्रत्येक नळीचा स्वभाव निराळा. एकीला जी दारू आणि जी गोळी मानवते ती दुसरीला मानवत नाही. दुकानातला सदरा अंगात जातो, शिंप्याकडचा अंगाला बसतो, एवढाच फरक. पैसे वाचतात म्हणावे, तर भरणारा माणूस दुप्पट काडतुसे झाडतो आणि हिशेब बरोबर होतो, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

गोळ्यांच्या खोक्यांवर आकडे होते: १५०, १६५, १८०. हे वजन ग्रेनमध्ये. ग्रेन म्हटल्यावर माझे कान टवकारले. माझे वडील सोन्या मारुती चौकापाशी एका सराफी पेढीवर कारकून होते. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळा ठरला तो बरोबर १८० ग्रेनचा. बारा माशांचा तोळा, म्हणून मासा पंधरा ग्रेनचा. (मासा म्हणजे वजन, पापलेट नव्हे. नव्या पिढीसाठी खुलासा.) मी बोटांवर हिशेब केला. दीडशेची गोळी दहा मासे, एकशे पासष्टाची अकरा मासे, आणि एकशे ऐंशीची बरोबर एक तोळा! जणू आमच्या पेढीवरच पाडल्या होत्या. मी हे सांगताच म्हातारा असा खूश झाला की त्या दिवसापासून त्या खोक्याला तोही 'तोळा' म्हणू लागला.

त्यांची स्वतःची गोळी तोळ्याचीच. चाळीस वर्षे तीच. यंदा मात्र पेच पडला होता. नातू बारा वर्षांचा झाला होता, परवाना काढून वडीलधाऱ्यांबरोबर जंगलात जाण्याजोगा, आणि त्याला पणजोबांचीच रायफल हवी होती. तोळ्याच्या काडतुसाचा धक्का त्या कोवळ्या खांद्याला सोसवेना. दोन बार काढले आणि तिसऱ्याला चाप ओढण्याआधीच पोराने डोळे मिटले. डोळे मिटून सोडलेली गोळी हरणाच्या छातीऐवजी पोटात किंवा पायात जाते, आणि मग ते जनावर रात्रभर झुडपात तडफडते. "एवढे एक पाप मला नातवाच्या माथी नको," म्हातारा म्हणाला. हरणाच्या काळजाची नि फुप्फुसांची जागा एका ताटलीएवढी. गोळी तिथेच लागली पाहिजे.

धक्का कमी करायला दोन वाटा. दारू कमी घालायची, किंवा गोळी हलकी घ्यायची. पहिली वाट सोपी वाटली. तेवढ्यात मुलाची आई मध्ये पडली. ती इस्पितळात परिचारिका. तिने निक्षून सांगितले, "बंदूक शिकवा, पण शिशाची गोळी लागलेले मांस माझ्या घरात शिजणार नाही."

तिचे म्हणणे पोकळ नव्हते. शिकारीची नेहमीची गोळी म्हणजे तांब्याच्या पातळ अंगरख्यात शिसे. हरणात शिरल्यावर ती अळंबीसारखी फुलते, त्यामुळेच जनावर लवकर पडते. पण फुलताना शिशाचे बारीक कण आसपासच्या मांसात उडतात. २००८ साली नॉर्थ डकोटा राज्यात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाच्या पुड्यांची एका डॉक्टरांनी क्ष-किरण तपासणी केली, तेव्हा कितीतरी पुड्यांत हे कण चमकले. आणि माणसाचेच कशाला? शिकारी जंगलात आतडी टाकून येतात ती गरुड खातात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत अमेरिकेतल्या तपासलेल्या गरुडांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हाडांत दीर्घकाळ साठलेल्या शिशाच्या खुणा सापडल्या. आपली गिधाडे गुरांच्या औषधाने गेली, त्यांचे गरुड गोळीने आजारी. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी ती अजून चालते.

गोळी आतून कशी असावी, ही चिंता तशी जुनीच. १९४६ साली जॉन नॉस्लर नावाचे गृहस्थ कॅनडात मूसच्या शिकारीला गेले. मूस म्हणजे घोड्याहून थोराड सांबर म्हणा ना. चिखलाने माखलेल्या त्या धुडावर वेगवान गोळ्या वरच्यावर फुटू लागल्या, आत पोचेनात. घरी येऊन नॉस्लर यांनी गोळीच्या पोटात तांब्याची एक आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलावा, मागचा शाबूत राहून आत जावा. १९४८ पासून ती गोळी विकली जाऊ लागली आणि आजही खपते. आमच्या म्हाताऱ्याचा 'तोळा' तीच. पण तिच्यातही शिसे आहेच.

म्हणजे आता निव्वळ तांब्याची गोळी हवी. ती मिळते, टोकाला पोकळ, आत शिरल्यावर फुलासारख्या पाकळ्या उघडणारी, आणि कण जवळजवळ न सांडणारी. पण तांबे शिशाहून कठीण. गोळीचा वेग मंदावला तर पाकळ्या नीट उमलत नाहीत, आणि गोळी दाभणासारखी आरपार निघून जाते. आणि धक्का घटवायला म्हणून तर दारू कमी करायची! आईचे ऐकावे तर वेग हवा, खांद्याचे ऐकावे तर वेग नको. दोन संध्याकाळी म्हातारा पुस्तके चाळीत बसला. यातले प्रमाण तोंडी सांगायचे नसते. मी विचारले तरी त्यांनी पुस्तकच पुढे केले. या काडतुसात दाब दर चौरस इंचाला साठ हजार पौंडांपर्यंत चढतो; मोटारीच्या चाकात असतो तो बत्तीस-पस्तीस. जी दारू वापरायची तिचाच एक डबा बाकावर, बाकी सारे कपाटात कुलपाखाली. पिस्तुलाची झटपट जळणारी दारू चुकून रायफलीच्या काडतुसात गेली तर रायफल फुटते, तोंडाशी धरलेली. ते काम करीत असता मीसुद्धा बोलत नसे.

तिसऱ्या दिवशी उत्तर निघाले: १३० ग्रेनची तांब्याची गोळी. पावणेनऊ मासे म्हणा. वजनच घटल्यामुळे पुस्तकातल्या खालच्या प्रमाणाच्या दारूनेसुद्धा ती पुरेशा वेगाने सुटते, आणि खांद्याला धक्का कमी. त्यांनी कमी प्रमाणापासून चढत जाऊन चार प्रमाणांची तीन-तीन काडतुसे भरली. दारूचे करडे कण शेवयांच्या चुऱ्यासारखे; चिमट्याने एकेक कण तराजूत टाकताना मला वडील गुंजा टाकताना दिसत होते. नेमबाजीच्या मैदानावर शंभर वारांवरून आधी म्हाताऱ्याने झाडून पाहिले. पहिल्या प्रमाणाची भोके कागदभर फाकली. दुसऱ्याची तीनही भोके एका सुपारीएवढ्या जागेत. तिथेच ते थांबले. पुढच्या प्रमाणांची काडतुसे न झाडताच घरी आणून परत उसवली. मग पोराला बसवले. पाच बार काढले त्याने, डोळे उघडे ठेवून.

रायफलीचा हंगाम २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो. पहाटे अंधारात आजोबा आणि नातू भडक नारिंगी जाकिटे घालून निघाले. बरोबर पाच काडतुसे. संध्याकाळी पाचही परत आली. "दिसले नाही का?" मी विचारले. "दिसले," पोरगा म्हणाला, "पण पाठमोरे होते." म्हातारा माझ्याकडे पाहून काही बोलला नाही, पण मिशीत हसला.

पुढच्या शनिवारी चार काडतुसे आली आणि एक पुंगळी. हरीण चाळीस पावले धावून पडले होते. पुंगळी आजोबांनी बरणीत टाकायला मागितली, तर पोरगा ती खिशातून काढीना.

मंगळवारी मुलाची आई मांसाचा डबा घेऊन आली. जावयांनी गरम मसाला घालून रस्सा केला. आम्ही उभयतांनी भात-आमटीवर भागवले. आणि शेजारचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, म्हणून सौ.ने दिवाळीच्या उरलेल्या चकल्या त्यात भरून दिल्या.