मानसिक ऊर्जा: साठा की हिशेब?

ऊर्जा या शब्दाचा घोळ

दिवसभर खुरपणी केलेली व्यक्ती ‘आता त्राण उरले नाही’ म्हणते आणि दिवसभर खुर्चीत बसून जमाखर्च तपासणारीही तेच म्हणते. शरीराने खर्च केलेली ऊर्जा मात्र दोघांची सारखी नसते. प्रौढ मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. विश्रांतीच्या अवस्थेतही तो शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के वापरतो. अवघड गणित सोडवताना हा वापर फारसा वाढत नाही. त्यामुळे इंधन संपले म्हणून डोके थकले, हे सोपे उत्तर टिकत नाही. थकवा खोटा असतो असेही नाही. इटालियन शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८९१ मध्ये थकव्यावरील आपल्या ग्रंथात, व्याख्याने आणि तोंडी परीक्षा आटोपलेल्या प्राध्यापकांच्या बोटांची स्नायुशक्ती यंत्राने मोजून ती घटल्याचे नोंदवले होते.

मुळ्याचा प्रयोग

मनोनिग्रह हा मर्यादित साठा आहे, ही कल्पना १९९८ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगाने रूढ केली. भुकेल्या विद्यार्थ्यांना भट्टीतून नुकत्याच काढलेल्या चॉकलेट बिस्किटांच्या वासात बसवले. काहींना बिस्किटे खाण्याची मुभा होती, काहींना फक्त मुळे. नंतर सर्वांना न सुटणारी कोडी दिली. बिस्किटे खाणारे सुमारे १९ मिनिटे झगडले, मुळेवाले ८ मिनिटांतच उठले. मोह आवरण्यात शक्ती संपली, असा अर्थ लावला गेला आणि त्यावर पुस्तकांचा ढीग उभा राहिला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी दोन हजारांहून अधिक सहभागींवर, वेगळी कामे देऊन, हीच कल्पना तपासली. परिणाम जवळजवळ शून्य निघाला. वाद अजून मिटलेला नाही, पण रिकाम्या होणाऱ्या टाकीचे चित्र आता कोणी निर्धास्तपणे काढत नाही.

धारणेचा परिणाम

टाकी नसेल तर थकवा कशाचा? एक समर्पक स्पष्टीकरण असे: पुढे किती श्रम पडणार आणि त्यांचे मोल किती, याचा हिशेब मेंदू सतत मांडत असतो आणि तोटा दिसू लागला की थकव्याची जाणीव करून देतो. हिशेब म्हटला की गृहीतके आली. वेरोनिका योब, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांच्या २०१० च्या अभ्यासात, निग्रहशक्ती संपते असे मानणाऱ्यांची कामगिरी अवघड कामानंतर घसरली. तसे न मानणाऱ्यांची घसरली नाही. कृष्णा सावनी आणि योब यांनी २०१७ मध्ये आणखी पुढचा निष्कर्ष मांडला. मानसिक कष्टाने तरतरी येते ही धारणा भारतीय सहभागींमध्ये अमेरिकी सहभागींपेक्षा अधिक आढळली आणि कष्टाच्या कामानंतर त्यांची पुढची कामगिरी सुधारली. निर्जळी एकादशी करून रात्री भजनात उभे राहणारी माणसे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना याचे फार नवल वाटणार नाही.

मूल्यांचा वाटा

हिशेबाची दुसरी बाजू मोलाची. २००९ मध्ये ब्रँडन श्मायकेल आणि कॅथलीन व्होस यांनी, निग्रहाचे काम करून दमलेल्यांना स्वतःच्या सर्वांत महत्त्वाच्या मूल्याविषयी थोडे लिहायला लावले. त्यानंतरच्या कामात त्यांची घसरण दिसली नाही. मूल्य काही नवी शक्ती निर्माण करत नाही. समोरच्या कंटाळवाण्या कामाचा दूरच्या, मोठ्या हेतूशी सांधा जुळतो आणि त्याच श्रमाची किंमत वेगळी भासते. हा सांधा बाहेरून चिकटवता येत नाही. कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेल्या मूल्यांच्या पाट्यांचा उपयोग कमी होतो तो म्हणूनच.

चिकाटी आणि वारीची रचना

अँजेला डकवर्थ यांनी २००७ मध्ये चिकाटी मोजण्याची श्रेणी मांडली. पुढच्या एकत्रित विश्लेषणात हा गुण कर्तव्यदक्षता या जुन्याच गुणाशी बराचसा जुळणारा ठरला. चिकाटीला केवळ स्वभाव मानले, की तिच्यामागची रचना नजरेतून सुटते. आषाढी वारी हे अशा रचनेचे उत्तम उदाहरण. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर वयस्क माणसेही पायी कापतात. निष्ठा आहेच, पण दिवसाचे टप्पे ठरलेले, मध्ये विसावा, रात्री मुक्काम. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, स्वयंपाक दिंडीचा. केव्हा उठायचे, कुठे थांबायचे, काय खायचे हे वारकऱ्याला रोज ठरवावे लागत नाही; टाळाच्या ठेक्यावर पाऊल आपसूक पडते. दिवेघाट चढण्याच्या लांब टप्प्यानंतर माउलींची पालखी सासवडला दोन रात्री थांबते. चिकाटीच्या वेळापत्रकात विश्रांती आधीच लिहिलेली आहे.

मर्यादा

धारणा आणि मूल्ये हिशेब बदलतात, शरीर बदलत नाहीत. सहा तासांहून अधिक काळ अवघड बौद्धिक काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढील भागात ग्लुटामेट हे रसायन साचल्याचे पॅरिसच्या संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले. झोपेची तूट कोणत्याही निश्चयाने भरून निघत नाही. शिवाय ज्या कामात मोबदला, अधिकार किंवा न्याय यांपैकी काहीच नाही, तिथे दमणे हा हिशेबातला दोष नसून हिशेब बरोबर असल्याची खूण असते. मनोवृत्तीच्या शिबिरांमध्ये हा मुद्दा सहसा वगळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद व्यक्तीचा आजार म्हणून केली नाही, कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळल्या गेलेल्या दीर्घ ताणातून उद्भवणारी व्यावसायिक स्थिती, अशी ती केली.