ठपका ग्रहणाचा आणि दोष आईच्या माथी

ग्रहणकाळात गरोदर स्त्रीने विळीला हात लावला तर मूल दुभंगलेल्या ओठाचे जन्मते, ही समजूत आपल्या समाजातून अद्यापि लोपलेली नाही. असे मूल जन्मले की पहिली उलटतपासणी होते ती आईची. तिने ग्रहण पाळलेले असो वा नसो, ठपका तिच्याच माथी बसतो.

वास्तविक जगात सुमारे ७०० जन्मांमागे एका बालकाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. गर्भाच्या चेहऱ्याचे भाग चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळून ओठ आकारास येतो. टाळूचा सांधा त्यानंतर पूर्ण होतो. हे जुळणे अपुरे राहिले की व्यंग उद्भवते. या व्यंगात आनुवंशिकतेचा वाटा आहे, हे डेन्मार्कचे पॉल फोग-अँडरसन यांनी १९४२ साली कुटुंबांच्या अभ्यासातून दाखविले. पुढे २००२ मध्ये, ज्यात असे व्यंग पिढ्यान्‌पिढ्या उतरते त्या व्हॅन डर वूड विकाराच्या मुळाशी 'आयआरएफ-६' हे जनुक असल्याचे आढळले.

परंतु बहुसंख्य मुलांच्या बाबतीत एकच एक जनुक गुन्हेगार नसते. अनेक जनुके, आईच्या शरीरात जाणारा तंबाखूचा धूर, अपस्मारावरील काही औषधे अशा कारणांची ही गुंतागुंत असते. एकरूप जुळ्यांतही पुष्कळदा एकाला व्यंग असते आणि दुसऱ्याला नसते. शिवाय जनुके पित्याकडूनही येतात, याचा सोयीस्कर विसर का पडावा?

या अज्ञानाची किंमत मोठी आहे. पाठच्या भावंडाला हे व्यंग होण्याची शक्यता सामान्यतः शंभरात तीन ते पाच एवढीच असते. तरीही भीतीपोटी संसार विस्कटतात. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश झाला, ही समाधानाची बाब होय. मात्र शस्त्रक्रिया मोफत झाली तरी वाचोपचारासाठी पुन्हा पुन्हा शहर गाठताना बुडणारी मजुरी कोणत्याच हिशेबात धरली जात नाही. ओठ शिवला जातो, बोल मात्र अडखळतच राहतात.

म्हणूनच वाचोपचार तालुक्यापर्यंत पोहोचले पाहिजेत आणि जनुकीय सल्ला पती-पत्नी दोघांनाही एकत्र बसवून दिला गेला पाहिजे. मुलाचा ओठ शल्यविशारद सांधील. आईवरील ठपका पुसण्याचे काम समाजालाच करावे लागेल.