शस्त्रक्रियेपूर्वीचे भय आणि त्याचे दोन उतारे

१९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन वनाच्छादित गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या सुमारास शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे भय शमविणाऱ्या बेंझोडायाझेपिन वर्गातील औषधांना उदयास येऊन जवळजवळ दोन तपे लोटली होती. या औषधांपूर्वीचा भूलतज्ज्ञ मॉर्फिन आणि बार्बिट्युरेट यांवर विसंबून असे, आणि मात्रा किंचित अधिक झाली तरी श्वसन मंदावण्याची धास्ती त्यास बाळगावी लागे. हॉफमन-ला रॉश कंपनीतील लिओ स्टर्नबाख यांनी १९५५ साली सिद्ध केलेले एक संयुग उपेक्षित पडून राहिले, १९५७ साली प्रयोगशाळेची आवराआवर चालू असता ते परीक्षणास धाडले गेले, आणि त्यातूनच १९६० साली लिब्रियम व १९६३ साली व्हॅलियम, म्हणजे डायाझेपाम, बाजारात आले. आपल्याकडे तेच पुढे काम्पोज या नावाने सर्वपरिचित झाले.

या औषधांच्या कार्यपद्धतीचा उलगडा होण्यास मात्र १९७७ साल उजाडावे लागले. मेंदूतील उत्तेजना आवरणारे गाबा हे द्रव्य आपल्या ग्राहीवर बसले म्हणजे पेशीपटलातील सूक्ष्म द्वार उघडते आणि क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरून पेशी शांत होते. बेंझोडायाझेपिन हे द्वार स्वतः उघडीत नाही, तर शेजारच्या जागी बसून गाबाच्या योगे ते अधिक वारंवार उघडेल अशी तजवीज करते. सत्तरच्या दशकात सिद्ध झालेल्या, पाण्यात विरघळणाऱ्या मिडाझोलामने शिरेची जळजळ टळली, अंमल लवकर उतरू लागला, आणि औषध दिल्यानंतरच्या काही काळाची स्मृतीच न उरणे रुग्णाच्या पथ्यावर पडले. वेदना शमविण्याचा गुण मात्र या औषधांत नाही. आणि अफूवर्गीय औषधांची जोड मिळताच श्वसन दडपते, ही गोष्ट सिकलसेलग्रस्त रुग्णाच्या बाबतीत विशेष चिंतेची, कारण प्राणवायू घटला की त्याच्या रक्तपेशी विळ्याचा आकार धारण करतात. हा विकार चंद्रपूर-गडचिरोलीच्या आदिवासींत मोठ्या प्रमाणावर आढळतो.

परंतु या मुलखातील भयाची मुळे निराळी होती. गडचिरोलीत आरोग्यसेवा करणारे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावकऱ्यांस विचारले, तेव्हा असे निष्पन्न झाले की डॉक्टर-परिचारिकांची पांढरी वस्त्रे प्रेतवस्त्राची आठवण देतात, आप्तांची ताटातूट सोसवत नाही, आणि इस्पितळात आपला देव नाही. म्हणून १९९३ साली उभ्या राहिलेल्या, बंग दांपत्याच्या शोधग्राम या केंद्रातील रुग्णालयास आदिवासींची देवता दंतेश्वरी माता हिचे नाव मिळाले, आणि नातेवाईकांना रुग्णाजवळ राहता येईल अशा झोपडीवजा खोल्या बांधण्यात आल्या.

पुढे २०१५ साली फ्रान्समधील १,०६२ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी लोराझेपाम हे बेंझोडायाझेपिन वर्गातीलच औषध घेतलेल्यांचे समाधान काही अधिक आढळले नाही, उलट पूर्ववत होण्यास त्यांना विलंब लागला. वृद्धांमध्ये भ्रमाची भीती असल्याने सरसकट गोळी देण्याचा परिपाठ आता मागे पडत आहे. अतिभयग्रस्तास, आणि आईपासून दूर होताना आकांत करणाऱ्या बालकास, तिचे साह्य आजही मोलाचे आहे. मात्र जे भय इस्पितळाच्या रीतीतूनच उत्पन्न होते, त्याचा इलाज ती रीत बदलण्यात आहे, हा शोधग्रामचा निर्णय आज अधिकच सयुक्तिक ठरतो.