टूलच्या नजरेतून डावे-उजवे

दारावर लावायची नावाची पाटी सीएनसी राउटरवर कोरायला घेतली आणि अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी उमटली, तर निदान सोपे आहे: एक्स आणि वाय या दोन अक्षांपैकी एकाची दिशा उलटी लागली आहे. दोन्ही उलटे असतील तर अक्षरे सुलटीच येतात, फक्त डोके खाली आणि पाय वर. लाकूड फिरवून घेतले की पाटी बरोबर दिसते आणि दोष झाकला जातो. त्यामुळे एक चूक दोन चुकांपेक्षा बरी म्हणायची. ती निदान बोंब तरी ठोकते. दोन चुका असलेल्या मशीनवर लाकडाचा पुढचा डावा कोपरा शून्य धरून जॉब सुरू केला, तर टूल लाकडाकडे न वळता बाहेर, थेट क्लॅम्पच्या रोखाने निघते. घरगुती राउटर जोडणाऱ्यांना हे दिशांचे प्रकरण सोयीचे वाटते: जुळले तर ठीक, नाही तर ड्रॉइंग उलटवू. पण या दिशा मशीनमध्येच, एकदाच आणि बाकी सगळ्या सेटिंगच्या आधी बसवायच्या असतात. नंतरची ठिगळे कुठे ना कुठे उसवतात.

दिशा कोणती बरोबर, हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेले नाही. आयएसओ ८४१ हे आंतरराष्ट्रीय मानक त्यासाठीच आहे आणि त्याचा गाभा उजव्या हातात मावतो. उजवा तळवा आकाशाकडे करा. अंगठा उजवीकडे, तर्जनी समोर आणि मधले बोट वर. अंगठा एक्स, तर्जनी वाय, मधले बोट झेड, आणि बोटांच्या टोकांकडे धन दिशा. झेड नेहमी स्पिंडलच्या अक्षाला समांतर, आणि टूल कामापासून दूर जाते ती त्याची धन बाजू. एकच अक्ष उलटला की ही रचना डाव्या हाताची होते, आणि डावा हात कसाही फिरवला तरी उजवा होत नाही. पाटी फिरवून आरशातली अक्षरे सुलटी होत नाहीत ती याच कारणाने. खरी गफलत मात्र पुढच्या अटीत होते: या दिशा टूलच्या, कामाच्या तुलनेत मोजलेल्या असतात. पेन एका जागी धरून खालचा कागद डावीकडे ओढला तर रेघ उजवीकडे वाढते, तसेच हे. ३०१८ या नावाने विकल्या जाणाऱ्या छोट्या राउटरमध्ये वाय अक्षावर टूल हलतच नाही, बेड हलतो. तिथे ‘वाय प्लस’ दाबल्यावर बेड आपल्याकडे यायला हवा. बेड पलीकडे जाताना पाहून ‘बरोबर चाललंय’ म्हणणारा माणूस मशीन उलटे लावून बसलेला असतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की एवढ्या उठाठेवीची गरज काय? अक्षरे उलटी येत असतील तर डिझाइनमध्ये ‘मिरर’ करावे, काम झाले. अक्षरांपुरते ते खरे आहे. पण स्पिंडल काही आरशात फिरत नाही. तो वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरतो, आणि टूलचा मार्ग त्याच्याशी जुळवून आखलेला असतो. बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापली तर तो क्लाइंब कट, उलट दिशेने कापली तर कन्व्हेन्शनल. संगणकाने क्लाइंब म्हणून आखलेला मार्ग एक अक्ष उलटा असलेल्या मशीनवर कन्व्हेन्शनल होतो, आणि कन्व्हेन्शनल मागितला तर क्लाइंब मिळतो. हलक्या, थोडी ढिलाई असलेल्या मशीनवर हा दुसरा प्रकार त्रासाचा, कारण क्लाइंब कटमध्ये टूल स्वतःला पुढे खेचते. मग कड खडबडीत आली की फीडला दोष दिला जातो, बिट बदलला जातो, प्लायवूडच्या नावाने खडे फोडले जातात. अक्षाचा संशय कुणाला येत नाही, कारण पाटीवरची अक्षरे तर सुलटी आहेत.

दुरुस्तीचा क्रमही महत्त्वाचा आहे. असे अनेक राउटर ग्रबल या मोफत प्रोग्रॅमवर चालतात. त्यात $३ ही सेटिंग मोटरची दिशा उलटवते: एक्ससाठी १, वायसाठी २, झेडसाठी ४, एकापेक्षा जास्त अक्ष उलटवायचे तर बेरीज. होमिंगची, म्हणजे मशीनने टोकाचा स्विच शोधून आपली जागा ओळखण्याची, बाजू $२३ ठरवते, पण ती ‘धन की ऋण’ या भाषेत, आणि धन म्हणजे कुठे हे $३ ने आधी ठरलेले असते. होमिंग आधी जुळवले आणि मग $३ बदलले, तर मशीन स्विच नसलेल्या टोकाकडे धावते आणि चौकटीला टेकून घरघरत राहते. या स्टेपर मोटरना आपण अडलो आहोत हे कळत नाही. कंट्रोलर पावले मोजतच राहतो. म्हणून आधी जॉग करून, म्हणजे बटणाने एकेक अक्ष थोडा हलवून, दिशा, मगच होमिंग.

पुष्कळांना ग्रबलचे ऋण आकडे खटकतात. होमिंग पुढच्या डाव्या कोपऱ्यात केले, एक्सचा प्रवास ३०० आणि स्विचपासून मागे हटण्याचे अंतर १ मिलिमीटर ठेवले, तर पडद्यावर उणे २९९ दिसते आणि दिशा चुकली असा समज होतो. ती चूक नाही. ग्रबल मशीनचे शून्य धन टोकाला धरतो, म्हणून सगळे क्षेत्र ऋणात येते. लाकडावरचे शून्य वेगळे असते आणि ते आपण कुठेही ठेवू शकतो. आकडे गोड दिसावेत म्हणून अक्ष उलटवणे हा मात्र शुद्ध आडमुठेपणा.

मोटरच्या एका कॉइलच्या दोन तारांची अदलाबदल करूनही दिशा बदलते, पण वीज पूर्ण बंद करून. चालू असताना मोटर काढली तर ड्रायव्हर जळू शकतो. गँट्रीच्या, म्हणजे स्पिंडल वाहणाऱ्या आडव्या पुलाच्या, दोन बाजूंना समोरासमोर मोटर असतील तिथे बहुधा तारांचाच उपाय लागतो. एकाच वाय अक्षाच्या त्या दोन मोटर एकमेकींविरुद्ध ओढत असतील, तर $३ दोघींना एकदमच उलटवते आणि गँट्री तिरकी व्हायची ती होतेच.

शेवटची परीक्षा एका अक्षराची. टूल लाकडाच्या वर, हवेत ठेवून आधी ‘एक्स प्लस’, ‘वाय प्लस’, ‘झेड प्लस’ दहा-दहा मिलिमीटर चालवावे, आणि मग एखाद्या टाकाऊ तुकड्यावर ‘ग’ कोरावा. ‘ठ’ किंवा ‘४’ नको. ते आरशातही जवळपास तसेच दिसतात. ‘ग’ सुलटा आला की बाणांचे स्टिकर मशीनवर लावून टाकावेत: ३०१८ असेल तर वायचा बाण न हलणाऱ्या चौकटीवर, टोक मागच्या बाजूला, बेडवर नको.